वरचा सूर

एका म्हाताऱ्या रॉक सिंगरवरून माझी आणि माझ्या मित्राची, मंग्याची, किती भांडणं झालीत, मोजदाद नाही. आम्ही दोघं कॉलेजपासून त्याचे फॅन. मंग्या म्हणायचा, "आवाज गेलाय रे त्याचा, आता थांबायला हवं त्याने." मी म्हणायचो, "गद्दार आहेस तू."

परवा गोरेगावला त्याचा शो होता. वरचा सूर असा स्वच्छ लागला, की मी मंग्याच्या पाठीत थाप मारली. "बघ, कुठे गेलाय आवाज?"

तेवढ्यात स्टेजवर त्या सिंगरला ठसका लागला. तो वाकून खोकत होता आणि स्पीकरमधून त्याचा आवाज मात्र गातच होता. लोक हसायला लागले. मला मान वर करवेना.

त्याने हात करून रेकॉर्डिंग बंद करायला लावलं. म्हणाला, "सॉरी, आता एवढं वर जात नाही. खालच्या पट्टीत गातो, चालेल?" आणि फाटक्या आवाजात पुन्हा सुरुवात केली.

त्याच्याबरोबर सगळ्यात आधी कोण गायला लागलं, तर मंग्या. उभा राहून, घसा ताणून. मी खाली बसून बुटांकडे बघत होतो.

मंग्या वाकून म्हणाला, "फॅन ना तू? मग गा की."

लाज त्या सिंगरची वाटत होती की स्वतःची, कळेना. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागलो.