चारच्या घंटीपर्यंत गप

न्हाई पाव्हणं, मला बोलायला लावू नका — चारची घंटी होईपर्यंत कडूबाचं तोंड आज बंद हाय. जाफराबादची जीप? येईल की. सकाळपासून हितं बसून ऊन अंगावर आलं, सरका जरा, सावलीत बसू द्या. तुमच्यासंग बोललेलं तसंही धरायचं न्हाई, तुमी परगावचे — जीप आली की गेले. गप का म्हणता? ते समोर चर्च दिसून राह्यलं ना, त्याच्यात माझी बायको हाय, द्वारका. नवसात वाहिलेली. हसू नका.

म्हैस तीन दिस उठंना, मंग मी भर उपासनेत उभा राहून बोललो — देवा, ज्या सकाळी म्हैस उठंल त्या सकाळी माझ्या दारातून जे पहिलं भाईर येईल ते तुझं. आता आमच्या घरातून पहिला निघतो कोण? लंगडा कोंबडा. रोज, बारा महिने. बराबर बेत होता माझा. अन् नेमकं त्याच दिवशी हिनं त्याला डालग्याखाली कोंडलता — का, तर शेजारच्या उषाबाईला चोचला म्हणून. म्हैस उठली, अन् पहिलं भाईर कोण? हातात झाडू घेऊन ही.

पाळकसाहेब म्हणले, कडूबा, जुन्या काळी एक सरदार असंच बोलून बसला अन् पोटची पोरगी गमावली, मागल्याच रविवारी सांगितलं की. मला काय ठाऊक, डुलकी लागलती. साहेब म्हणले, देव असलं मागत न्हाई, घरी ने तिला. पण हिनं पिशवी भरली — मी देवाची झाले, चहा तुमचा तुमी करून घ्या — अन् कापणीच्या सणाला जाऊन भोपळ्यांच्या रांगेत बसली. सणाला वाहिलेल्या मालाचा आमच्यात लिलाव होतो. ज्वारी, कोंबड्या, सगळं. साहेब गमतीनं म्हणले, लाव बोली कडूबा, अन् घेऊन जा. मी काय बोललो? — जाऊ द्या ते. जाऊ द्या म्हणलं ना. बरं — अकरा रुपये म्हणलो. जुनी हाय म्हणलो, अन् घोरती. भोपळा दीडशेला गेला, पाव्हणं, तिच्या डोळ्यांदेखत.

आता तिचा एकच हट्ट — एक दिस सकाळच्या घंटीपासून चारच्या घंटीपर्यंत तोंड बंद ठेवा, मंग येते घरी. बोललात तर हितंच ऱ्हाते, कायमची. साहेब म्हणले, जीभ म्हंजी काडीपेटी, एका काडीत कडब्याची गंजी जाती, तोंडाच्या दाराला राखणदार बसव. म्हणलं, राखणदार कशाला, मीच बसतो की. बसलोच हाय सकाळपासून, बिलकुल गप. ती गेल्याला आठ दिस झाले, पाव्हणं, कोंबडा चुलीवर बसून राह्यला. अन् झोप — ती घोरल्याबिगर मला झोपच लागंना. हे तिला सांगू नका. तुमी कुठं सांगायला जाता म्हणा.

किती वाजले? पावणेचार? जमलं की मंग. हां, आली बघा जीप. उठा, पुढं जागा हाय — अहो, हात करा — गेली की. चढले का न्हाई तुमी?

तिकडं कुठं चालले? चर्चची पायरी हाय ती. सकाळपासून मी हितं, अन् तुमी माझ्या आधीपासून — तुमाला जाफराबादला जायचंच नव्हतं. कोणी बसवलं? साहेबांनी? का तिनंच? राखणदार म्हंजी —

थांबा, पाव्हणं. घोरण्याचं सांगा तिला. तेवढंच सांगा. मी हा गप बसलो.