किल्ली फिरवली की सुरू

मिनेसोटातल्या एका गॅरेजमध्ये बसलेल्या इंग्रिडच्या कानावर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडलं.

“माझी पिकअप थंडीत हटून बसते. तुमची?”

“किल्ली फिरवली की सुरू. भंगारात देईपर्यंत चौदा वर्षं कधी दगा दिला नाही.”

“काहीच खोट नाही?”

“मागं पाय दुमडून बसावं लागायचं. पण मोठ्या ट्रकपेक्षा हलकी, म्हणून आमचा नील्स ती गोठलेल्या तळ्यावर न्यायचा, बर्फाला भोक पाडून मासे धरायला.”

“मग भंगारात का दिलीत?”

“तळ्यातून वर काढलेली गाडी कोण ठेवतो?”

“अरेरे. आणि नील्स?”

“बर्फ पातळ झालेला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, गाडी सुरू झाली तर जातो, नाहीतर घरीच बसतो. मी म्हटलं, बरं.”

नील्सच्या बापानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“त्या दिवशी तरी दगा द्यायला हवा होता हो तिनं.”