दर अर्ध्या तासाचं रीडिंग

बुधाजी : दहाला एक्क्याऐंशी टक्के. साडेदहाला ऐंशी. अकराला...

देवेश : बाबा, थांबा. दर अर्ध्या तासाला बॅटरी लिवलीत?

बुधाजी : तूच बोल्लास ना, ह्यो फोन चार दिस वापरा नि सांगा. पॉवरहाऊसमदी चौतीस वर्षं अशीच रीडिंगं घेतली. तुजी आय बोल्ली, माजा ताप बी असा कदी मोजला नाय.

देवेश : बरा चालतो का, एवढंच हवं होतं. फोनची मेमरी चालवणारा प्रोग्राम, म्हंजे ड्रायव्हर, सांभाळणाऱ्यांनी माझा कोड दोनदा परत केलाय. विचारतात, तुझ्याशिवाय कुणी वापरून बघितला? आता परत आला तर नाद सोडतो मी.

बुधाजी : ‘बरा’ रजिस्टरात लिवता येत नाय रं. हा शेरा बघ. एक फोटो झटकन. लगोलग दुसरा काढला, अडकला. सोळा येळा.

देवेश : सोळा? माझ्या टेस्टात एकदापण नाय.

बुधाजी : तू काय करतोस टेस्टात?

देवेश : मोठी फाईल सलग लिहितो. काम थांबलं की मेमरीचा वेग लगेच उतरवायचा, बॅटरी वाचते. किती वेळानं उतरवायचा, तो टायमर मी एकदम कमी ठेवलाय.

बुधाजी : सलग कोण वापरतं फोन? मी बोट उचलून परत टेकवंपर्यंत तुजं मशीन निजतं. पॉवरहाऊसात लोड उतरला म्हणून लगेच टर्बाइनचं पानी तोडायचं नसतं. परत मागतो का, जरा बघायचं. नायतर मशीन वर-खाली झुलत बसतं.

देवेश : म्हंजे चढवायचा झटकन, उतरवायचा दमानं.

बुधाजी : आता कसं बोल्लास.

(टायमर वाढवून तीन दिवसांनी, घराच्या ओटीवर.)

बुधाजी : अडकला, शून्य. बॅटरी संध्याकाळपर्यंत दोनच टक्के जास्त खाल्ली.

देवेश : दोन चालतील. सगळे आकडे मेलमधे टाकलेत. खाली तपासणाऱ्याचं नाव लागतं. ते कोडसोबत कायम राहतं. पूर्ण नाव सांगा.

बुधाजी : माजं कशाला? इंग्लिश येत नाय मला.

देवेश : रीडिंगं कुणी घेतली?

बुधाजी : ...बुधाजी पदू ठोंबरे.

देवेश : टाकलं. पाठवू?

बुधाजी : थांब. नावापुढं ‘निवृत्त’ लिवलंस का?

देवेश : नाय.

बुधाजी : मग पाठव.