गरीब दिसणारी मुलं

आठवलं तरी डोकं फिरतं बघ. चाकणला शाळा सुटल्यावर कामगारांच्या मुलांचा वर्ग घेते ना मी, तिथे एका कंपनीचे साहेब गोष्टीची पुस्तकं द्यायला आले. पाहुणे येणार म्हणून पोरं नटूनथटून आलेली. साहेबांनी फोटोसाठी मोबाईल काढला आणि तोंड वाकडं केलं.

"मॅडम, मुलं जरा गरीब दिसायला हवीत. बूट काढायला सांगा ना."

माझा पारा चढला. म्हटलं, "आईबापांनी ओव्हरटाइम करून घेतलेत ते बूट. तुम्ही निघा इथून!"

ते पुस्तकांचे खोके उचलून निघून गेले. तेव्हा चौथीतली वैष्णवी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, उद्या मी फाटका फ्रॉक घालून येते. मग देतील का ते पुस्तकं?"