उखाण्यावाचून घेतलेलं नाव

हसाल तुम्ही, पण सांगतेच. थोरल्या लेकीचे दिवस भरत आले होते, म्हणून नवसाचा तुपाचा दिवा लावायला आम्ही दोघं तिरुक्करुगावूरला, गर्भ राखणाऱ्या देवीच्या देवळात गेलो होतो. कलेक्टर कचेरीची नोकरी सुटली तोवर ह्यांचे कान पार गेले होते. दर्शन झालं, आणि हे आमची बैलगाडी सोडून तंजावरला निघालेल्या दुसऱ्याच गाडीत जाऊन बसले.

मी हाक मारली, "अहो!"

आवारात सगळी आपलीच तंजावरकडची मराठी मंडळी. पाच-सहा जणींचे नवरे वळले, माझे तेवढे वळले नाहीत. गाडी हलली. मग काय करणार? लग्नातल्या उखाण्यानंतर जे कधी तोंडात आणलं नव्हतं, ते नाव मी भर देवळापुढे घेतलं.

"रामोजीराव!"

गाडीवानानं बैल थांबवले. लोकांनी खुणा करून ह्यांना खाली उतरवलं.

परतीच्या वाटेवर ह्यांनी विचारलं, "सगळे हसत का होते गं? काय म्हणालीस तू?"

मी त्यांच्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या ओठांकडे. त्यांना कळलं.

"इतक्या वर्षांनी घेतलंस, आणि मलाच ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "पुन्हा एकदा घे."

मी उजव्या कानाशी तोंड नेऊन नाव घेतलं. त्यांनी 'नाही' अशी मान हलवली. आणखी मोठ्यानं घेतलं. गाडीवान मागे वळून बघायला लागला, पण ह्यांची मान तशीच हलली.

"डाव्या कानात घेऊन बघतेस?"

मी पदर सावरला आणि चालत्या गाडीत उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.