सासुरवाडीचं ताक

हसणार नसाल तर सांगतो बे. पुण्यात छोट्या छोट्या ब्रुअरीतल्या बियर चाखून मी मोबाईलवर त्यांची चव सांगत असतो, हे सासुरवाडीत कुणालाच माहीत न्हाई. सासरे तर पक्के माळकरी.

परवा सासुरवाडीला, वडवणीला गेलतो. सासूबाईंनी गार ताक दिलं. बोलता बोलता मी ग्लास उजेडात धरला, फेस बघितला, वास घेतला आन् पिणारे करतात तसं बोट बुडवून दोन थेंब भुईवर शिंपडले. हात खाली येईस्तोवर मला कळलंसुद्धा न्हाई.

सासूबाई म्हणल्या, "माशी पडली का हो?"

लाजेनं माझी मान वर होईना.

सासरे शांतपणे म्हणले, "माशी न्हाई पडली. जावईबापूंना खारे शेंगदाणे आन."