स्वस्ताईचं गाव

— नाही, नाही, एसी आहे की! तो काय, भिंतीवर. फक्त रिमोट नाहीये. रिमोट हे बरोबर घेऊन गेलेत. हसू नकोस, खरंच सांगते. दर नव्वद दिवसांनी बॉर्डर ओलांडायची, पलीकडे दोन रात्री काढायच्या, पासपोर्टवर नवा शिक्का मारून घ्यायचा आणि परत यायचं, असं आमचं सहा वर्षं चाललंय. माझा शिक्का पुढच्या महिन्यात, ह्यांचा काल. तर बॅगेत काय, दोन शर्ट, दाढीचं सामान आणि एसीचा रिमोट. मी घरात एकटी असले की म्हणे वीज उधळते. म्हणजे दुपारी बारा वाजता लावते — उधळपट्टीच ना ती! रात्री नऊ ते अकरा लावायचा, मग पंखा. पंख्याला रिमोट नाही, म्हणून तो राहिला. घे, हा रुमाल घे. आणि त्या खुर्चीवर बसू नकोस, तिचा एक पाय ऐच्छिक आहे. इकडे पलंगावर बस. तुला ‘तू’ म्हटलं तर चालेल ना? माझ्या भाचीएवढी आहेस.

हा फ्रीज. उघडून बघ ना, लाजतेस काय. दिवा लागतो, बर्फ होतो, दार स्वतःहून बंद होतं. दोन वर्षांचा आहे, पण मागची जाळी मी दर रविवारी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसते. ते तुलाही करावं लागेल, आधीच सांगते. इथली हवा खारी. फोटोत दिसत नाही ते मीठ, फोटोत नुसता निळा रंग दिसतो. आमचा पहिला फ्रीज अडीच वर्षांत खालून गंजला, एका सकाळी बघते तर म्हातारा बैल बसावा तसा बसलेला. मिक्सर गेला, इस्त्री गेली, ह्यांच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू गेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसं — घरभाडं चार आणे आणि मीठ बारा आणे. कमी? नाही गं, कमी नाही होणार. इथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर तुम्हाला शिकवलं असेल, इथे भाव करायचा असतो म्हणून. तो इथल्या गरिबांशी करायचा असतो, आपापसात नाही.

किती दिवस झाले तुम्हाला येऊन? तीन आठवडे! अगं मग तुम्ही अजून स्वर्गात आहात. चौथ्या महिन्यापर्यंत स्वर्गच असतो. आम्हीही होतो. ह्यांनी एक लेख वाचला होता — तुम्हीही वाचला असेल, तोच असेल, नाहीतर त्याचा भाऊ असेल — समुद्रकाठी एक तृतीयांश खर्चात राजासारखं राहा. खाली एका गोऱ्या म्हाताऱ्याचा फोटो, झोपाळ्यात, हातात शहाळं. ह्यांनी तो लेख छापून आणला, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातला आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर दीड महिन्यात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकला. मला विचारलं ना, विचारलं की. म्हणाले, “तुला समुद्र आवडतो ना?” आता समुद्र आवडत नाही असं कोण म्हणेल? मी म्हटलं, आवडतो. झाला निर्णय.

आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी सगळं खरं होतं. पुढच्या गल्लीत, अगदी वाळूवर घर होतं. व्हरांड्यात बसून चहा प्यायचा आणि हे रोज म्हणायचे, “हा चहा तिकडे केवढ्याला पडला असता सांग?” चहा घरचाच, पण समुद्र धरून किंमत लावायचे. पण कसं झालं, की तो लेख आपण एकट्यानेच वाचलाय असं ह्यांना वाटलं होतं. तो सगळ्यांनीच वाचला होता! दुसऱ्या वर्षी ते वाचणारे आले, तिसऱ्या वर्षी त्यांचे मित्र आले, मग तुमच्यासारखे लॅपटॉपवाले आले — रागावू नकोस, तुझं काय चुकलं — आणि घरमालकिणीने भाडं तिप्पट केलं. गोड बाई. हात जोडून, हसून तिप्पट केलं. मग आम्ही मागच्या गल्लीत आलो, मग तिथून इथे. ही समोर भिंत दिसते ना, ती हॉटेलच्या धोबीघराची. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींचा वास येतो. पण समुद्र दिसतो हं! संडासात बादली उलटी ठेवायची, तिच्यावर उभं राहायचं, वरच्या झडपेतून एवढासा दिसतो. हे पाहुण्यांना फोनवर सांगतात, “घरातून समुद्र दिसतो.” खोटं एक अक्षर नाही.

आमचं सोड, आम्ही हौसेने आलो. मासळीवाली आहे ना चौकातली, ती माझ्याशी बोलते, मी तिच्या भाषेत शंभरापर्यंत आकडे शिकले म्हणून. तिचं घर इथेच होतं, किनाऱ्यावर. आता ते कॉफीचं दुकान आहे. ती पहाटे दोन बस बदलून येते, आपल्याला मासे विकायला. मी म्हटलं, बाई गं, तुझा जन्म इथला आणि तुलाच परवडत नाही? तर म्हणाली, “मी लेख वाचला नव्हता ना.” नाही, असं नाही म्हणाली, ते माझं. ती नुसती हसली आणि मला दोन जास्तीचे मासे घातले. मला! कीव आली असेल.

हा दात बघ. नाही, बघ ना — नाहीये ना? तोच दाखवते. वाचवायचा तर तीन खेपा, काढायचा तर एक खेप. ह्यांनी हिशेब मांडला. म्हणाले, “मागचाच आहे, दिसत नाही.” मी म्हटलं, चावायला लागतो हो. तर म्हणाले, दुसऱ्या बाजूने चाव. माणूस वाईट नाही गं. शिवी नाही, दारू नाही, हात उगारणं नाही. स्वतःच्या गुडघ्यावरसुद्धा त्यांनी एक पैसा खर्च केलेला नाही. जिना उतरताना भिंतीला धरतात आणि मी बघते आहे असं दिसलं की शीळ घालतात. आता परत जायचं तर राहायचं कुठे? विकलेल्या फ्लॅटच्या पैशात तिथे आता एक खोली येत नाही. मग माणूस काय करतो? इथे स्वस्त आहे, इथे स्वस्त आहे, असं म्हणत राहतो. कुणी दुसऱ्याने ऐकलं नाही तरी बायको ऐकतेच.

काय? नाही, त्यांना माहीत आहे. म्हणजे — फ्रीज विकतेय हे ना? माहीत असेल. कळेल. गुरुवारी येतील तेव्हा कळेलच की, एवढी मोठी वस्तू. असं बघू नकोस माझ्याकडे, चोरीचा नाही हा. माझ्या दोन बांगड्यांचा आहे. पहिला बसला तेव्हा हे म्हणाले, बर्फ विकत आणू, थर्माकोलच्या पेटीत ठेवू, पूर्वी लोक काय फ्रीज वापरत होते? मी दुसऱ्या दिवशी बांगड्या घेऊन गेले आणि फ्रीज घेऊन आले. त्या आईच्या होत्या. त्यामुळे तसं बघितलं तर हा फ्रीज माझ्या आईचा.

आई गेली माझी. झाले अकरा महिने. अगं, नाही, तू कशाला सॉरी म्हणतेस. दादाकडे असायची. दादाचा फोन आला, ये म्हणाला, ती सारखी नाव घेते. तेव्हा सीझन. विमानाचं भाडं तिप्पट. हे म्हणाले, वीस तारखेनंतर उतरतं, दरवर्षी उतरतं, थोडं थांब. आणि मी —

पाणी देऊ तुला? गार आहे, फ्रीजमधलं. तेवढीच परीक्षा होईल.

मी थांबले. सगळे म्हणतील नवऱ्याने अडवलं. मीही दादाला तसंच सांगितलं. पण मला कुणी बांधून नव्हतं ठेवलं. मलाच वाटलं, दोन आठवड्यांनी काय होतंय, एवढे पैसे वाचतात. रोज सकाळी उठून मीच फोनवर भाडं बघायचे. ह्यांच्याआधी. सवय लागते गं, स्वस्ताईची सवय लागते, नखात माती जावी तशी आत जाते. एकोणीस तारखेला सकाळी निम्म्यावर आलं. मी इतक्या मोठ्याने ओरडले — “अहो, उतरलं!” — की धोबीघरातली मुलगी खिडकीत आली. मला आनंद झाला होता. लक्षात येतंय का तुला? मला खूप आनंद झाला होता. आणि दुपारी जेवायला बसलो तर दादाचा फोन.

मग गेलेच नाही. हे म्हणाले, आता जाऊन काय करणार? बरोबरच होतं. वाचले सगळेच पैसे.

तर आता जाते. उद्या. दादा म्हणतो, आईची खोली तशीच आहे, ये. सध्या परत सीझन आहे, भाडं परत तिप्पट, आणि मी पुऱ्या भावाने तिकीट काढणार आहे. कोपऱ्यावरचा तिकीटवाला एक वाजता जेवायला जातो, त्याच्या आत मला पैसे हवेत, म्हणून म्हटलं कमी होणार नाही. ह्यांच्यासाठी चिठ्ठी लिहिली होती. मोठी झाली, मग फाडली. दुसरी लिहिली, त्यात फक्त औषधं कुठे आहेत ते आहे. कळेल त्यांना. न कळायला काय, बँकेत होते —

थांब हं. ह्यांचाच फोन. जरा गप्प बस.

हं, बोला. जेवलात? मिळाला ना शिक्का? छान झालं. नाही, कुणी नाही, मी एकटीच… नाही हो, कुठला एसी, रिमोट तुमच्याकडे आहे… काय? तिकडे? पलीकडेच? समुद्रासमोर म्हणजे अगदी समोर का? वरचा मजला… किती म्हणालात? निम्म्यात? अरे वा… नाही, मी कुठे हसले… गर्दी नाही म्हणताय अजून. बरोबर, लेख आला नसेल. … ॲडव्हान्स? दिलातसुद्धा? … विचारायला फोन केलात, हो ना, तेच म्हणते… पंखे, पलंग, सगळं घरमालकाचं? आणि फ्रीज? … फ्रीजही आहे. … आपला? … विकून टाकू? मी? … हो, ग्रुपवर टाकते ना. बघते कुणी गिऱ्हाईक मिळतंय का. … नाही, कमी नाही करणार. … हो. जिना सावकाश उतरा. भिंतीला धरून. … ठेवते.

…

काय झालं? ऐकलंस ना, परवानगी मिळाली. पैसे इथे ठेव, पलंगावर. मोजून नको दाखवूस. आणि खाली तुझ्या नवऱ्याला हाक मार — उभाच न्या, आडवा करू नका. आणि घरी नेऊन चार तास बंद ठेवा.

नाही, मी ठीक आहे. नाही म्हटलं ना. तू जा आता.